भरल्या पाण्यात तहानलेले पीक

कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत ऊस उभा आहे. चार दिवसांपूर्वीच पाण्याची पाळी झालेली असून सरीत अद्याप ओल आहे. चालताना माती पायाला चिकटते. असे असूनही शेताच्या सखल कोपऱ्यातील उसाची पाने शेंड्याकडून करपू लागली आहेत, फुटवे खुरटले आहेत आणि भर दुपारी तेथील पीक मान टाकते. वरंब्याच्या माथ्यावर पांढुरका थर दिसू लागला आहे.

“तात्या, या कोपऱ्याला पाणी कमी पडतंय का?” गावात आलेला ग्रामकार्यकर्ता विचारतो.

“कमीच पडतंय बघा. उद्या आणखी एक पाळी सोडतो,” वडीलधारा शेतकरी सांगतो.

कालव्याच्या आणि उपसा सिंचनाच्या भागात हा संवाद अनेक गावी ऐकू येतो. पीक सुकले म्हणजे त्याला पाणी हवे, हा दोघांचाही समज आहे. एरवी तो खरा असतो; परंतु अशा जागी तोच समज जमिनीचा घात करतो. येथे पिकाला पाणी कमी नाही. असलेले पाणी त्याला पिता येत नाही. असे का व्हावे, याचे उत्तर विहिरीत किंवा पाटात सापडत नाही. ते मुळाच्या टोकाशी असलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशीत सापडते.

पेशी म्हणजे काय?

घर जसे विटांचे, तसे प्रत्येक सजीवाचे शरीर पेशींचे बनलेले असते. १६६५ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने बुचाच्या झाडाच्या सालीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्याला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी लहान लहान घरे दिसली. ती मृत पेशींची रिकामी घरे होती. आतील जिवंत भाग केव्हाच वाळून गेला होता. पुढे १८३८ साली श्लायडेनने वनस्पतींविषयी आणि १८३९ साली श्वानने प्राण्यांविषयी असे दाखवून दिले की, दोघांचीही शरीरे पेशींचीच असतात. उसाचे पान आणि बैलाचे कातडे यांची मूळ वीट एकाच जातीची आहे.

पेशीच्या आत पातळसर पेशीद्रव्य असते व त्यात क्षार, साखर आणि इतर पदार्थ विरघळलेले असतात. मध्ये केंद्रक असून पेशीच्या कारभाराची सूत्रे तेथे असतात. तंतुकणिका नावाचे सूक्ष्म घटक प्राणवायूच्या साहाय्याने अन्नातून शक्ती काढतात. या सर्वांभोवती अत्यंत पातळ असा जिवंत पडदा असतो. हा पडदा पाण्याला सहज ये-जा करू देतो, परंतु विरघळलेल्या क्षारांना व साखरेला सहजासहजी वाट देत नाही. देवडीवरचा पहारेकरी घरच्या माणसाला सोडतो आणि परक्याला थांबवून विचारपूस करतो, तशीच ही व्यवस्था आहे.

येथपर्यंत वनस्पती व प्राणी सारखेच. फरक पुढे आहे. वनस्पतीच्या पेशीला पडद्याबाहेर आणखी एक टणक भिंत असते. हिरव्या भागातील पेशींत हरितलवके असतात व ती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात. शिवाय पेशीच्या मध्यभागी पाण्याने भरलेली मोठी पोकळी असते, तिला रिक्तिका म्हणतात. ही पोकळी भरली की पेशी फुगते व भिंतीवर दाब देते. हवा भरलेली सायकलची धाव जशी ताठ राहते, तसे कोवळे पान या दाबानेच ताठ उभे राहते. पाणी कमी झाले की दाब उतरतो आणि पान मान टाकते.

स्वयंपाकघरातील साक्ष

कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की थोड्याच वेळात त्यांना पाणी सुटते व फोडी आक्रसतात. हे पाणी फोडींच्या पेशींतून बाहेर आलेले असते. उलट, वाळलेला बेदाणा साध्या पाण्यात टाकला तर तो टपोरा फुगतो. दोन्ही ठिकाणी नियम एकच आहे. पडद्याच्या ज्या बाजूला विरघळलेले पदार्थ अधिक, त्या बाजूला पाणी ओढले जाते. यालाच शास्त्रात परासरण म्हणतात.

ग्रामकार्यकर्त्यास हा नियम गावात सहज दाखवता येईल. कच्च्या बटाट्याच्या बोटाएवढ्या जाडीच्या दोन फोडी कापाव्यात. एक फोड साध्या पाण्याच्या पेल्यात ठेवावी. दुसऱ्या पेल्यात मोठा चमचाभर मीठ विरघळवून त्यात दुसरी फोड ठेवावी. दोन-तीन तासांनी साध्या पाण्यातील फोड कडक होते व वाकवू लागताच मोडते. मिठाच्या पाण्यातील फोड मऊ पडून सहज वाकते. तिसरी फोड उकडून गार करावी व साध्या पाण्यात ठेवावी. ती कडक होत नाही, कारण उकडल्याने तिच्या पेशींचे पडदे मेलेले असतात. पाणी राखण्याचे काम जिवंत पडदाच करतो, हे यावरून शेतकऱ्यांच्या ध्यानी येईल.

प्राण्यांनाही हा नियम चुकलेला नाही. रक्तातील तांबड्या पेशी साध्या पाण्यात टाकल्या तर पाणी आत शिरून त्या फुटतात, कारण त्यांना आधाराची भिंत नसते. म्हणूनच दवाखान्यात शिरेतून दिल्या जाणाऱ्या सलाइनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ असते. जनावराला मात्र एक सोय आहे. खाण्यात मीठ जास्त झाले तर ते हौदावर जाऊन जास्त पाणी पिते आणि त्याची मूत्रपिंडे जादा मीठ बाहेर टाकतात. पिकाला जागा सोडून जाता येत नाही. मुळाभोवती जे पाणी असेल त्यावरच त्याला दिवस काढावे लागतात.

मुळाशी काय घडते?

मुळाच्या टोकामागे मूलरोमांची दाट लव असते. प्रत्येक मूलरोम म्हणजे एकाच पेशीचा लांबट धागा. मातीच्या कणांमधून शिरून पाणी शोषण्यात त्याचा वाटा मोठा असतो. रोप उपटताना हे नाजूक धागे तुटतात, म्हणून पुनर्लागणीनंतर रोप काही काळ मलूल दिसते.

चांगल्या जमिनीतील ओलीत क्षार थोडे असतात व मूलरोमाच्या आत जास्त असतात. म्हणून पाणी आपोआप आत ओढले जाते. जमिनीत क्षार साचू लागले की दोन्ही बाजूंमधील हा फरक घटतो आणि पाणी ओढणे पिकाला जड जाते. क्षार फारच वाढले तर कैरीच्या फोडीची गत मुळाची होते व मुळातलेच पाणी बाहेर जाऊ लागते. यात आणखी एक मेख आहे. ऊन पडून जमिनीतील ओल निम्मी झाली की उरलेल्या ओलीत क्षारांची तीव्रता सुमारे दुप्पट होते. क्षारपड जमिनीतील पीक दुपारी लवकर कोमेजते त्याचे एक कारण हेच.

संपृक्त मातीच्या अर्काची विद्युत वाहकता मीटरला ४ डेसिसीमेन्सहून अधिक असेल तर जमीन क्षारयुक्त समजतात. एवढ्या वाहकतेच्या पाण्यात लिटरमागे सुमारे अडीच ग्रॅम क्षार असतात. परंतु सर्व पिकांची सहनशक्ती सारखी नसते. कांद्याचे उत्पन्न १.२ पासून व उसाचे १.७ पासूनच घटू लागते. गहू सुमारे ६ पर्यंत, कापूस ७.७ पर्यंत आणि सातू ८ पर्यंत तग धरतो. म्हणजे वरंब्यावर पांढरा थर दिसण्याच्या पुष्कळ आधी उसाचे नुकसान सुरू झालेले असते.

दुसरे संकट साचलेल्या पाण्याचे. मुळांच्या पेशींनाही श्वास लागतो. तंतुकणिकांना प्राणवायू मिळाला तरच पेशी जिवंत राहून आपले काम करतात. मातीतील पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या तर हवा आत शिरत नाही आणि मुळे गुदमरतात. भाताच्या खोडात व मुळांत हवा खाली नेणाऱ्या पोकळ वाटा असतात, म्हणून ते चिखलात जगते. उसाला व गव्हाला अशी पुरेशी सोय नाही. त्यामुळे तात्यांनी सोडलेली जादा पाळी तहान भागवीत नाही. ती मुळांचा श्वास कोंडते.

क्षार वर कसे येतात?

क्षार मातीत मूळचेच थोडेफार असतात, आणि सिंचनाच्या प्रत्येक पाळीबरोबर आणखी थोडे येतात. निचरा नसलेल्या भारी जमिनीत पाणी वारंवार दिले की भूजलाची पातळी वर चढते. दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे हे पाणी मातीच्या बारीक पोकळ्यांतून पृष्ठभागी येते. उन्हाने पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. सखल भागात हे आधी दिसते.

हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. त्यानंतर एका पिढीच्या आतच बारामतीकडील जमिनी खाऱ्या होऊ लागल्या आणि १९१० साली पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन व त्यांचे सहकारी ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील खाऱ्या जमिनींवर पुस्तिका लिहिली. त्याला शतक उलटून गेले आहे. पाणी शेतात आणण्याची व्यवस्था झाली, पण ते शेतातून बाहेर काढण्याची व्यवस्था मागे पडली, तर काय होते याचा तो धडा आहे.

उपाय कोणता करावा?

प्रथम माती तपासून घ्यावी. मृद आरोग्य पत्रिकेवरील वाहकतेचा आकडा बहुधा मातीत दोन-अडीच पट पाणी मिसळून काढलेला असतो व तो अर्काच्या आकड्यापेक्षा कमी येतो. म्हणून तो वर दिलेल्या ४ या आकड्याशी थेट ताडून पाहू नये. त्याचा अर्थ प्रयोगशाळेतून समजून घ्यावा. जमीन नुसती क्षारयुक्त आहे की चोपण झाली आहे, हेही विचारावे, कारण दोहोंचा उपचार वेगळा आहे.

क्षारयुक्त जमिनीत आधी निचऱ्याचे चर काढावेत किंवा शेजाऱ्यांनी मिळून सच्छिद्र नळांची भूमिगत निचरा व्यवस्था करावी. त्यानंतर गोड्या पाण्याने क्षार खाली धुऊन काढावेत. निचऱ्याची वाट नसताना पाणी भरणे म्हणजे मोरी तुंबलेली असताना न्हाणीघर धुण्यासारखे आहे. एकट्याच्या बांधापुरता विचारही येथे पुरत नाही, कारण एकाने काढलेले पाणी दुसऱ्याच्या रानात साचता कामा नये. ओढ्यापर्यंतची वाट गावाने मिळून मोकळी ठेवावी.

चोपण जमिनीत सोडियममुळे मातीचे कण फुटून पोकळ्या बुजतात. तेथे माती परीक्षणाप्रमाणे जिप्सम घालावे. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर निघून जातो. अर्थात येथेही निचरा हवाच. नुसत्या क्षारयुक्त जमिनीत जिप्सम टाकणे हा वाया गेलेला खर्च होय. दोन्ही प्रकारांत धैंचासारखे हिरवळीचे खत गाडावे. पाणी मोजून, शक्य तेथे ठिबकने द्यावे.

कोकणच्या खार जमिनीतील शेतकरी हा नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळत आला आहे. बांध घालून तो भरतीचे पाणी अडवितो, पहिल्या पावसाने क्षार धुऊन जाऊ देतो आणि मगच भात लावतो. गोव्यातील खाजण शेतीही याच रीतीची आहे. खाडीकाठी वाढणारे तिवर पानांवाटे मीठ बाहेर टाकून जगते. उसाला ती विद्या अवगत नाही.

हाच पेशीचा नियम खत देतानाही स्मरणात ठेवावा. रासायनिक खत हाही क्षारच आहे. बियाला चिकटून पडलेले किंवा रोपाच्या बुंध्याशी ढिगाने टाकलेले खत कोवळ्या पेशीतील पाणी ओढून घेते आणि उगवण बिघडते. म्हणून दोन चाड्यांच्या पाभरीने खत बियाच्या थोडे बाजूला व खाली पडेल असे पेरावे, आणि खत देताना जमिनीत ओल असावी.

आता पुन्हा त्या सखल कोपऱ्याकडे वळावे. तेथे आणखी एक पाळी सोडण्याआधी शेतकऱ्याने हातभर खोल खड्डा खणावा व दुसऱ्या दिवशी पाहावे. खड्ड्यात पाणी साचलेले दिसले, तर पीक पाण्यावाचून सुकत नसून पाण्यातच कोंडले आहे असे समजावे. अशा वेळी ग्रामकार्यकर्त्याने शेतकऱ्याबरोबर बांधावरून चालून पाणी बाहेर जाण्याची वाट शोधावी. दार उघडण्याआधी चर उघडला, तर तीच जमीन पुढील पिढीच्याही उपयोगी पडेल.