हनुवटीच्या शब्दाचे मूळ

गैरसमज: इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज, रोमानियन या साऱ्या लॅटिनच्या लेकी. म्हणून त्यांचे हनुवटीचे शब्दही लॅटिन ‘मेन्तुम’वरूनच आले असणार.

वस्तुस्थिती: ‘मेन्तुम’चा वारसा सरळ चालवला तो इटालियन ‘मेन्तो’ने आणि फ्रेंच ‘मांतों’ने. स्पॅनिशमधला ‘मेन्तोन’ याच घरातला दिसतो खरा, पण तो फ्रेंचमधून उसना आलेला आहे. स्पॅनिश माणसाच्या तोंडी असलेला दुसरा शब्द ‘बार्बिया’. त्याचे मूळ ‘बार्बा’, म्हणजे दाढी. जिथे दाढी उगवते ती जागा, एवढ्यावरून नाव पडले आणि पुढे ते बायकामुलांच्या हनुवटीलाही लागू झाले. दूर पूर्वेला रोमानियननेही दाढीवरूनच ‘बर्बिये’ हा शब्द घेतला.

पोर्तुगीजची वाट सर्वांत निराळी. तिथला ‘केइशू’ पेटी या अर्थाच्या ‘काप्सा’ या लॅटिन शब्दाच्या कुळातला. दात धरून ठेवणारी पेटी म्हणजे जबडा, आणि जबड्यावरून हनुवटी! स्पॅनिशमध्ये याच कुळातला ‘किहादा’ मात्र जबड्यापाशीच थांबला.

गैरसमज: पोर्तुगीज ‘केइशू’ आणि चीज या अर्थाचा ‘केइझू’ एकाच मुळाचे.

वस्तुस्थिती: चीजचा शब्द लॅटिन ‘कासेउस’वरून आला, दोघांचा संबंध नाही. शेजारच्या गालिसियन भाषेत तर दोन्ही शब्द हुबेहूब ‘केइशो’ झाले आहेत, तरीही मुळे वेगळीच.

गैरसमज: हनुवटीतल्या ‘मेंटल नर्व्ह’चा मनाशी संबंध असावा.

वस्तुस्थिती: दाताचा डॉक्टर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर करतो तेव्हा बहुधा याच नसेची संवेदना थांबवलेली असते. तिच्या नावातला ‘मेंटल’ हा ‘मेन्तुम’चा. मनाचा ‘मेंटल’ लॅटिन ‘मेन्स’वरून आला, आणि हा ‘मेन्स’ संस्कृत ‘मनस्’चा नातलग. ‘मेन्तुम’मागचा धातू मात्र ‘पुढे येणे, उंच होणे’ या अर्थाचा मानतात. म्हणजे डोंगराचा लॅटिन शब्द ‘मोन्स’ त्याला मनापेक्षा जवळचा.

गैरसमज: चेहऱ्याच्या अवयवांची नावे तरी जागा सोडत नाहीत.

वस्तुस्थिती: आपल्या ‘हनुवटी’तला ‘हनु’ संस्कृतात जबडा. त्याचा लॅटिनमधला भाऊबंद ‘गेना’ म्हणजे गाल. तोच पुढे रोमानियनमध्ये ‘ज्याना’ झाला, आणि तिथे त्याचा अर्थ पापणीचा केस.