बातुआनच्या चित्रांतली गर्दी

बालीतल्या बातुआन गावचं चित्र समोर आलं की आधी काहीच कळत नाही. कागदाचा कोपरान्‌कोपरा भरलेला असतो, आभाळासाठीसुद्धा मोकळी जागा सोडलेली नसते. मग नजर कुठेतरी ठरते आणि माणसं सापडू लागतात. कोंबड्यांच्या झुंजीभोवती दाटी करून बसलेले पुरुष, फळाफुलांचे उंच गेबोगान डोक्यावर घेऊन देवळाकडे निघालेल्या बाया, भाताच्या खाचरात शिरलेली बदकं, ओढ्यात डुंबणारी पोरं. आणि या सगळ्यांत घुसलेला, अर्धी चड्डी घातलेला, डोळ्याला कॅमेरा लावलेला परदेशी पाहुणा. हसू येतं ते इथे.

या विनोदी लोकचित्रांतलं ठळक नाव म्हणजे १९५० साली जन्मलेले वायान बेंडी. मिरवणूक, बाजार, भातकापणी, समुद्राच्या लाटेवर फळीवरून घसरणारे गोरे तरुण, वरून जाणारं विमान, हे सगळं ते एकाच चौकटीत बसवतात. त्यांचा पर्यटक ना खलनायक असतो, ना मानाचा पाहुणा. पुजारी जेवढ्या उंचीचा तेवढाच तो, आणि म्हशीच्या शिंगावर जितकी बारीक रेघ तितकीच त्याच्या टोपीवर. गावाने त्यालाही आपल्या गर्दीत जागा दिली आहे. या विनोदात कुणाला कमी लेखणं नाही, म्हणूनच मला तो मोठा वाटतो.

गाव ग्यान्यार जिल्ह्यात, उबुदच्या दक्षिणेला आहे. इथल्या पुरा पुसेह या देवळाचा संबंध १०२२ सालच्या शिलालेखाशी जोडतात. गांबुह या जुन्या नृत्यनाट्याचंही हे महत्त्वाचं ठिकाण. म्हणजे चित्रं यायच्या कितीतरी आधीपासून या गावाला सोंगं आणि गोष्टी पाठ होत्या.

कागदावरची ही शैली १९३०च्या दशकात घडली. जर्मन चित्रकार वॉल्टर स्पीस आणि डच चित्रकार रुडॉल्फ बॉनेट तेव्हा उबुदला राहत होते. तिथल्या राजघराण्यातले सुकावती यांच्यासह त्यांनी १९३६ साली ‘पिता महा’ ही कलावंतांची संघटना उभी केली. बातुआनचे चित्रकार त्या वर्तुळापासून जरा लांब राहिले आणि त्यांनी आपल्याच वाटेने चित्रं काढली. त्यांची सुरुवातीची चित्रं काळोखी आहेत: रात्र, दाट झाडी, लेयाक नावाच्या चेटकिणी, घाबरलेली माणसं.

त्याच काळात मार्गारेट मीड आणि ग्रेगरी बेट्सन हे मानववंशशास्त्रज्ञ दांपत्य बालीत आलं. बातुआनच्या चित्रकारांकडून त्यांनी ८४५ चित्रं मिळवली, आणि बेट्सननी बालीत सुमारे २५ हजार छायाचित्रं टिपली. पुढे याच गावाच्या चित्रांत कॅमेरेवाले पाहुणे जागोजागी दिसू लागले. पाहायला आलेल्यांना गावही पाहतच होतं.

काम अतिशय चिकाटीचं. आधी पेन्सिलीने रचना, मग काळ्या शाईची बारीक रेघ. त्यानंतर शाई पाण्यात कमी-जास्त पातळ करून थरावर थर चढवायचे. गडद शाईकडून फिकट शाईकडे जात पान न् पान, बोट न् बोट उठावात येतं. रंग सर्वांत शेवटी आणि तोही पातळ, कारण खाली शाईने केलेलं काम बुजता कामा नये. मोठ्या चित्राला महिनेच्या महिने लागतात. विनोदाला एवढा वेळ देणं मला फार भावतं. क्षणात हसवणारं दृश्य इथे आठवडे बसून, एकेका पानाशी झगडत उभं केलेलं असतं.

ही खोडकर नजर पर्यटकांमुळे आली असं मात्र नाही. बालीच्या छायानाट्यात पांडवांसारखे नायक जुन्या कावी भाषेत बोलतात. त्यांचे सेवक त्वालेन आणि मर्दाह, तसेच विरोधी पक्षाचे सेवक देलेम आणि सांगुत, आपापल्या मालकांचं बोलणं रोजच्या बालीनीजमध्ये सांगतात आणि सांगता सांगता मालकांचीही टर उडवतात. चित्रकार तंत्री कथाही रंगवतात. त्यांचं मूळ आपल्या पंचतंत्रात आहे. माशांना फसवणारा आणि शेवटी खेकड्याकडून मान तोडून घेणारा बगळा तिथे चक्क पुजाऱ्याच्या वेषात येतो. साधूचं सोंग घेतलेल्या बगळ्यावर हसायची सवय असलेल्या गावाला कॅमेरेवाल्याची गंमत दिसायला कितीसा वेळ लागणार?

बातुआनचेच चित्रकार माडे बुडी यांनी तर इंडोनेशियाचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष सुहार्तो आणि त्यांच्या पत्नीची बालीभेटही याच शैलीत रंगवली. बेंडींच्या घरात ही कला वडील वायान तावेंग यांच्यापासून आली आणि धाकटे भाऊ केतुत सादिया यांनीही ती पुढे नेली. बालीची अशी चित्रं पाहायची तर उबुदमध्ये १९५६ साली उघडलेलं पुरी लुकिसान आणि १९८२ सालचं नेका, ही दोन संग्रहालयं आहेत. तिथे बातुआनच्या चित्रासमोर लांब उभं राहू नये. काचेला नाक लागेल इतकं जवळ जावं, डाव्या खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करावी आणि एकेका माणसाला भेटत वर चढावं. मध्येच एखादं कुत्रं कुणाच्या तरी नैवेद्यावर डोळा ठेवून बसलेलं भेटेल.