समुपदेशक ताईचा पगार

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या पोलीस आयुक्तालयात १९८४ साली समाजकार्याचं शिक्षण घेतलेली, खाकी न घालणारी माणसं कामाला बसू लागली. जागा पोलिसांची आणि माणसं टाटा समाजविज्ञान संस्थेची. कामाचं नाव, महिला व मुलांसाठी विशेष साहाय्य कक्ष.

आदल्याच वर्षी दंडविधानात ४९८-अ कलम आलं होतं. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेला छळ त्यामुळे स्वतंत्र गुन्हा ठरला. तरी पोलीस ठाण्याची पायरी चढायला बायका धजत नव्हत्या, आणि त्यांची भीती खोटी नव्हती. १९७२ साली देसाईगंजच्या ठाण्यात पोलिसांनीच एका आदिवासी मुलीवर अत्याचार केला होता. मथुरा खटला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रकरणातले आरोपी १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयातून सुटले. देशभरच्या स्त्रिया त्या निकालाने पेटून उठल्या. बाईच्या बाजूचं माणूस ठाण्याच्या आतच असायला हवं, ही गरज त्या काळाने दाखवून दिली होती.

मार खाऊन ठाण्यात आलेल्या बाईच्या हातात अनेकदा एनसीचा, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीचा, कागद पडतो आणि कानावर येतं, 'घरगुती आहे, मिटवून घ्या.' कक्षातली समुपदेशक ताई आधी तिचं सगळं ऐकून घेते. मग तुला काय हवंय, असं विचारते. हा प्रश्न तिला तोवर कुणी विचारलेला नसतो. सगळ्याच जणींना नवऱ्याला तुरुंगात धाडायचं नसतं. एखादीला फक्त मार थांबायला हवा असतो, एखादीला सासरी अडकलेलं स्त्रीधन, मुलाचा दाखला किंवा रेशनकार्ड हवं असतं. शिपाई सोबत घेऊन सामान आणायला जायचं, अर्ज नीट लिहून द्यायचा, गुन्हा नोंदवायचा असेल तर ठाणे अंमलदारासमोर तिच्या शेजारी उभं राहायचं, सासरच्यांना बोलावून बैठक घ्यायची, रात्रीपुरता निवारा शोधायचा, आणि ती परत नांदायला गेली तरी दार तिच्यासाठी उघडं ठेवायचं. या कामाला लागतं एक टेबल, एक फोन आणि तयार झालेलं माणूस. खर्च जवळजवळ सगळा पगाराचा.

हे माणूस तयार करणाऱ्या संस्थेमागे कुणाचा पैसा होता, ते पाहण्यासारखं आहे. उद्योगपती सर दोराबजी टाटांची पत्नी मेहेरबाई स्त्रियांच्या हक्कांसाठी जाहीरपणे बोलणारी बाई होती. १९२९च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याच्या बाजूने ती उभी राहिली, १९२७ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये जाऊन तिने हिंदू विवाहाच्या प्रश्नावर भाषण केलं. १९३१मध्ये ती गेली. पुढच्या वर्षी दोराबजींनी आपली संपत्ती ट्रस्टच्या नावे केली आणि तेही गेले. मेहेरबाईंचा २४५ कॅरटचा ज्युबिली हिरा त्या संपत्तीत होता. १९२४ साली टाटांचा पोलादाचा कारखाना बुडायला आला, तेव्हा तारण ठेवलेल्या ऐवजातही तोच हिरा होता. १९३७ साली तो विकला गेला आणि पैसा ट्रस्टकडे आला. त्याच्या आदल्या वर्षी, १९३६मध्ये, याच ट्रस्टच्या बळावर नागपाड्यात समाजकार्याची शाळा निघाली होती. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था.

कंपनी नफ्यातून चार पैसे काढते आणि आपल्या फाउंडेशनला देते, अशी आपली नेहमीची समजूत. इथे उलट आहे: समूहाची मुख्य कंपनी असलेल्या टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के भाग ट्रस्टांच्याच मालकीचे आहेत. त्यामुळे दमाने चालणारं काम उभं राहू शकलं. शाळा निघाल्यापासून पोलीस आयुक्तालयातल्या कक्षापर्यंत ४८ वर्षं गेली, आणि २००५ साली राज्याच्या महिला व बालविकास विभागाने हे कक्ष स्वीकारेपर्यंत आणखी २१.

त्याच २००५ साली कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा संमत झाला आणि २६ ऑक्टोबर २००६पासून अमलात आला. अर्ज पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असं त्यात लिहिलंय. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि तेवढा काळ त्या बाईला धीर देणारं कुणी लागतं. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहितांपैकी साधारण चौघींमागे एकीने नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. देशभरात हिंसा सोसलेल्यांपैकी ज्यांनी कुणाकडे मदत मागितली, त्या जेमतेम १४ टक्के. म्हणून मदतच त्यांच्या वाटेवर नेऊन ठेवावी लागते. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'सेहत' संस्था आणि मुंबई महापालिका यांनी सुरू केलेलं 'दिलासा' केंद्र हेच करतं. जखमेवर टाके घालायला आलेली बाई तिथे घरात काय घडलं ते बोलू शकते.

१ एप्रिल २०१४पासून ठरावीक आकाराच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत स्त्री-पुरुष समानता आहे, स्त्रियांसाठी निवारे आहेत. पैसा आहे आणि परवानगीही आहे. पण शिलाई मशिन वाटलं की फोटो निघतो. बंद दाराआड बोलणाऱ्या बाईचा फोटो काढता येत नाही, काढूही नये. मशिन जरूर द्यावं. पण त्यावर कमावलेले पैसे रात्री नवरा हिसकावून घेत असेल, तर तिने कुणाकडे जायचं? शिवाय २०२१च्या नियमांनुसार एक प्रकल्प सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांपलीकडे जात नाही. एवढ्यात बाई ताईवर विश्वास टाकायला लागते आणि ताईची नेमणूक संपते.

ट्रस्टचा पैसाही आटू शकतो. जून २०२४मध्ये टाटा एज्युकेशन ट्रस्टचं अनुदान अडल्याने टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या शंभरावर कंत्राटी प्राध्यापक-कर्मचाऱ्यांना नोकरी संपल्याच्या नोटिसा गेल्या. दोन दिवसांत त्या मागे घेतल्या गेल्या. हे लोक विशेष कक्षाचे नव्हते, पण शेवटी पगार सरकारी तिजोरीतून मिळायला हवा हा मुद्दा त्यातून कळतो.

ज्या कंपनीला खरंच काही करायचं आहे, तिने एक तालुका निवडावा. तिथल्या पोलीस ठाण्यात एका प्रशिक्षित ताईचा पगार, प्रवासखर्च आणि फोनचं बिल उचलावं. तीन वर्षं संपली की नव्याने मंजुरी घेऊन पुन्हा उचलावं. आणि पहिल्याच दिवशी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याकडून लेखी घ्यावं, की हे पद सरकार कोणत्या वर्षी आपल्याकडे घेणार.