ठराव आणि पाणवठा

४ ऑगस्ट १९२३ या दिवशी मुंबई इलाख्याच्या कायदेकौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मांडलेला एक ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या व चालविलेल्या, अथवा सरकारने नेमलेल्या किंवा कायद्याने निर्माण केलेल्या संस्थांच्या ताब्यात असलेल्या सर्व पाणवठ्यांचा, विहिरींचा आणि धर्मशाळांचा, त्याचप्रमाणे सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने यांचा उपयोग अस्पृश्य वर्गांस करू द्यावा, अशी शिफारस त्यात होती. ठराव एका वाक्याचा. तो वाचून दाखविण्यास मिनिटभराचाही अवधी लागू नये. परंतु त्या एका वाक्यास सभागृहाच्या दारातून बाहेर पडून गावच्या विहिरीच्या काठापर्यंत जावयास किती वर्षे लागली, वाटेत त्यास कोणी अडविले आणि पुढे कोणी नेले, याचा हिशेब जो मांडून पाहील, त्यास विधिमंडळातील एका दिवसाचे मोल आणि त्या दिवसाची मर्यादा ही दोन्ही एकदमच उमगतील. तो हिशेब करवीरच्या भूमीवर उभे राहून मांडण्यास एक विशेष कारण आहे: मुंबईच्या कौन्सिलाने १९२३ साली जी गोष्ट शिफारस म्हणून मागितली, ती करवीर दरबाराने चार वर्षे आधीच हुकूम म्हणून फर्मावली होती.

ते कौन्सिल कसे होते हे प्रथम पाहिले पाहिजे. १९१९ च्या सुधारणा कायद्याने प्रांतोप्रांती जी द्विदल राज्यपद्धती आली, तिच्यात जमीनमहसूल, पोलीस यांसारखी खाती गव्हर्नर आणि त्यांचे कार्यकारी मंडळ यांच्या हाती राखून ठेवलेली होती. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य यांसारखी खाती मात्र कौन्सिलास जबाबदार अशा मंत्र्यांकडे सोपविलेली होती. १९२० अखेरच्या पहिल्या निवडणुकीवर राष्ट्रसभेने असहकारितेच्या धोरणास अनुसरून बहिष्कार घातला, आणि त्यामुळे सभागृहात नेमस्त पक्षाचे गृहस्थ, व्यापारी व जमीनदार वर्गांचे प्रतिनिधी, सरकारी अधिकारी आणि ब्राह्मणेतर चळवळीतून वर आलेले नवे सभासद असा संमिश्र समाज जमला. मराठे व तत्सम जातींसाठी या इलाख्यात सात जागा राखून ठेवण्यात आल्या होत्या. त्या मिळाव्यात म्हणून ज्यांनी परिश्रम केले त्यांत छत्रपती शाहू महाराज आणि करवीर दरबारच्या नोकरीत ज्यांची हयात गेली ते भास्करराव जाधव अग्रभागी होते. हेच भास्करराव पुढे मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्री झाले.

कौन्सिलाच्या दिवसाचा क्रम ठरलेला असे. प्रारंभी प्रश्नोत्तरे होत, नंतर सरकारी विधेयके आणि मागण्या येत. आणि बिनसरकारी सभासदांसाठी राखून ठेवलेल्या दिवशी त्यांचे ठराव पुकारले जात. ठराव मांडणाराने आपले म्हणणे सांगावे, इतरांनी त्यास पाठिंबा द्यावा, विरोध करावा वा उपसूचना आणाव्यात, सरकार पक्षाने आपली भूमिका स्पष्ट करावी, मूळ सभासदाने शेवटी उत्तर द्यावे, आणि मग अध्यक्षांनी प्रश्न मतास टाकून ‘होय’ आणि ‘नाही’ यांचे आवाज ऐकावेत. निर्णयाविषयी हरकत निघाल्यास मतविभागणी घ्यावी, अशी ती रीत. आजच्या विधानभवनातही तिचा सांगाडा बहुतांशी तोच आहे. परंतु या साऱ्या विधीच्या शेवटी ठरावाच्या रूपाने जे निष्पन्न होई, ते कायद्याच्या योग्यतेचे नसे. ठराव म्हणजे कौन्सिलाने सरकारला केलेली शिफारस. ती मानावी, अर्धी मानावी की दप्तरी दाखल करून ठेवावी, हे सरकारच्या मर्जीवर अवलंबून.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मताचा अधिकार तेव्हा सारा आणि कर भरण्याच्या ऐपतीवर बेतलेला होता, आणि म्हणून ज्यांच्या पाण्याचा प्रश्न त्या दिवशी सभागृहापुढे होता, त्यांच्यातील फारच थोड्यांस मतदानाचा हक्क होता. त्यांचा आवाज कौन्सिलात पोहोचे तो सरकारनियुक्त सभासदाच्या मुखाने. ‘मूकनायक’ पत्राचे संपादन ज्यांनी काही काळ सांभाळले ते ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप पहिल्या कौन्सिलात असे नियुक्त सभासद होते. बोले स्वतः भंडारी समाजातील. मुंबईच्या गिरणी कामगारांत काम करीत ‘कामगार हितवर्धक सभे’च्या द्वारे ते सार्वजनिक जीवनात आले होते. ज्यांच्या मतांवर निवडून यावयाचे नव्हते अशांसाठी त्यांनी हा ठराव आणला, हे त्यांच्या नावे कृतज्ञतेने नोंदविले पाहिजे.

आता करवीरकडे वळू. शाहू महाराजांच्या राज्यात कौन्सिल नव्हते, मतमोजणी नव्हती. हुजूरचा हुकूम निघे आणि तो करवीर सरकारच्या गॅझेटात छापला जाई. मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारा २६ जुलै १९०२ चा हुकूम असाच निघाला, आणि सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण १९१७ साली असेच आले. १९१९ साली महाराजांनी अस्पृश्यतेसंबंधी एकामागून एक आज्ञा काढल्या. दवाखान्यात येणाऱ्या अस्पृश्य रुग्णास इतरांप्रमाणेच वागवावे, आणि ज्या नोकरास हे मान्य नसेल त्याने राजीनामा द्यावा, ही त्यांतील एक. सरकारी इमारती, धर्मशाळा, नदीवरील पाणवठे, सार्वजनिक विहिरी या ठिकाणी विटाळ मानू नये, आणि तसा तो मानला गेल्यास गावच्या पाटलास व तलाठ्यास जबाबदार धरण्यात येईल, ही दुसरी. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांबरोबर बसवावीत, ही तिसरी.

या आज्ञांतील एका शब्दावर वाचकाने थोडे थांबावे, अशी माझी विनंती आहे. तो शब्द ‘जबाबदार’. पाणी भरावयास कोण येईल हे सांगून हुकूम संपत नाही. न भरू दिल्यास जाब कोणी द्यावयाचा हेही तो सांगतो. पाटील आणि तलाठी ही गावकीतील प्रत्यक्ष माणसे. त्यांचे वतन वा पगार सरकारच्या हाती. ज्याने प्रजेची सुखदुःखे कागदावरून न वाचता गाडी थांबवून ऐकली त्या राजाला हे ठाऊक होते की, चांगल्या इच्छेस वसुलीचा माणूस नेमून दिल्याखेरीज ती गावात उतरत नाही. गंगाराम कांबळे यांची हकीकत कोल्हापुरात सर्वश्रुत आहे. सवर्णांच्या हौदातील पाण्यास शिवल्याबद्दल दरबारच्या या नोकरास मारहाण झाली. महाराजांनी मारणारांस शासन केले, आणि गंगारामास स्वतंत्र धंद्यासाठी साहाय्य देऊन भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे दुकान काढावयास लावले. एवढेच करून ते थांबले नाहीत, तर आपल्या लवाजम्यासह त्या दुकानापाशी गाडी थांबवून स्वतः तेथील चहा घेऊ लागले. मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतील माणगावी भरलेल्या परिषदेत त्यांनी तरुण भीमराव आंबेडकरांस अस्पृश्य समाजाचे पुढारी म्हणून गौरविले, ते याच निष्ठेने.

परंतु हुकमाची एक उणीव असते, आणि ती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हुकमाचे बळ तो काढणाराच्या आयुष्याशी बांधलेले असते. ६ मे १९२२ रोजी महाराजांचे मुंबईत देहावसान झाले, तेव्हा त्यांचे वय ४७ वर्षांचे होते. हुकूम गॅझेटात राहिले. तथापि गाडी थांबवून चौकशी करणारा डोळा मिटला. शिवाय ते हुकूम संस्थानच्या सीमेपाशी संपत. शेजारच्या खालसा मुलखातील सातारा वा बेळगाव जिल्ह्याच्या पाणवठ्यावर त्यांचा अंमल नव्हता. त्या अफाट मुलखासाठी एखादा शाहू मिळण्याची वाट पाहत बसणे शक्य नव्हते. तेथे सभागृह आणि मत हाच मार्ग होता. महाराजांच्या निधनानंतर पंधराच महिन्यांनी बोले यांचा ठराव आला.

ठरावानंतर काय झाले? ११ सप्टेंबर १९२३ रोजी मुंबई सरकारने त्यावर आदेश काढला. सरकारी मालकीच्या जागा आणि संस्था यांच्यापुरता ठराव सर्व खातेप्रमुखांनी अंमलात आणावा, असे त्यात फर्माविले. आणि म्युनिसिपालट्या, लोकल बोर्डे यांच्या बाबतीत मात्र कलेक्टरांनी त्यांस ही शिफारस स्वीकारण्याच्या इष्टतेचा विचार करण्याचा सल्ला द्यावा, एवढेच म्हटले. गावोगावच्या विहिरी आणि तळी असत ती बहुधा याच स्थानिक संस्थांच्या ताब्यात. म्हणजे जेथे खरे पाणी होते, तेथे आज्ञेची जागा सल्ल्याने घेतली. करवीरच्या हुकमातील ‘जबाबदार’ हा शब्द मुंबईच्या कागदात नव्हता, आणि त्याच्या अभावी सभागृहाचे मत कलेक्टर कचेरीच्या जावक बारनिशीपर्यंत जाऊन तेथेच अडकले.

बोले हे एकदा ठराव करून घरी जाणारे गृहस्थ नव्हते. तीन वर्षे वाट पाहून ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी दुसरा ठराव आणला: ज्या म्युनिसिपालट्या आणि लोकल बोर्डे १९२३ चा ठराव अंमलात आणण्याचे नाकारतील, त्यांस सरकारने अनुदान देऊ नये. पाटील-तलाठ्याच्या जबाबदारीने करवीरात जे साधले, ते येथे अनुदानाच्या थैलीने साधावे, हा त्यामागील हेतू स्पष्टच आहे.

महाडची कथा मराठी वाचकास परिचित आहे. परंतु ठरावाच्या प्रवासातील मुक्काम म्हणून तिच्याकडे पुन्हा पाहिले पाहिजे. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या नेतृत्वाखाली महाड म्युनिसिपालटीने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला. कौन्सिलाचा सल्ला येथे मानला गेला होता, कागद पूर्ण होता. तरी तळ्यावर अस्पृश्यांचे पाऊल पडले नाही. ते पडले २० मार्च १९२७ रोजी, डॉ. आंबेडकरांनी हजारो माणसांसह तेथे जाऊन ओंजळ भरली तेव्हा. आणि त्याची किंमत त्या माणसांनी त्याच दिवशी डोकी फुटून मोजली. पुढे ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले यांच्या ठरावास बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, महाड म्युनिसिपालटीने आपला ठराव रद्द केला. मग दिवाणी दावा, मनाईहुकूम, अपिले; आणि अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, तळ्यापासून अस्पृश्यांस दूर ठेवण्याची अनादिकालीन रूढी सिद्ध होत नाही, असा निकाल दिला. सभागृहातील मतापासून न्यायालयातील निकालापर्यंत साडेतेरा वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

तेव्हा मत व्यर्थ गेले काय? मला तसे वाटत नाही, आणि या लेखात मला जे सांगावयाचे आहे ते हेच. मताने पाणी मिळाले नाही. परंतु पाणी मागण्यास आधार मिळाला. महाडास गेलेली माणसे दयेची याचना करावयास गेली नव्हती. इलाख्याच्या सभागृहाने आणि त्याच गावच्या म्युनिसिपालटीने मान्य केलेला हक्क बजावण्यास ती गेली होती. हुकूम काढणारा गेला की हुकूम पोरका होतो. ठराव मात्र सभागृहाचा असल्यामुळे एक सभासद थकला तर दुसरा तो पुन्हा मांडू शकतो, अपुरा वाटला तर पुरा करू शकतो, आणि सभागृहच बदलले तरी त्यातील शब्द नव्या सभागृहात नेऊ शकतो.

येथे तसेच घडले. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी दिल्लीच्या संविधान सभेत आजच्या १५ व्या आणि १७ व्या अनुच्छेदांच्या मसुद्यांवर चर्चा झाली. त्याच दिवशी अस्पृश्यता नष्ट करणारे कलम महात्मा गांधींच्या जयघोषात संमत झाले. पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा यांचा जो उल्लेख आहे, आणि ज्या सर्वस्वी वा अंशतः राज्याच्या निधीतून चालविल्या जातात अशी जी कसोटी त्यात घातली आहे, ती वाचताना बोले यांच्या पंचवीस वर्षांपूर्वीच्या वाक्याचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. मसुदा समितीच्या अध्यक्षस्थानी चवदार तळ्याचे पाणी प्यालेला माणूस होता, आणि संविधानावर ज्यांच्या स्वाक्षऱ्या आहेत त्यांत शिरोळ तालुक्यातील निमशिरगावचे रत्नाप्पा कुंभारही आहेत. १९४८ च्या त्या चर्चेच्या वेळी कोल्हापूर अजून संस्थान होते. ते १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. त्यानंतर, १९१९ चा हुकूम आणि १९२३ चा ठराव ज्या एकाच गोष्टीसाठी निघाले होते, ती संविधानाच्या रूपाने सीमेच्या दोन्ही बाजूंस सारखीच लागू झाली. १ जून १९५५ पासून अस्पृश्यता (अपराध) कायदा अंमलात आला, आणि पाणवठ्यावर अडविणारास शिक्षा सांगितली गेली. महाराजांच्या हुकमातील ‘जबाबदार’ हा शब्द अशा रीतीने छत्तीस वर्षांनी साऱ्या देशाच्या कायद्यात आला.

विधिमंडळाच्या कामकाजाचा वृत्तांत आपण वाचतो तो गोंधळ, सभात्याग आणि मतांचे आकडे यांसाठी. मत मोजले गेले की आपली जिज्ञासाही संपते. वस्तुतः खरी चौकशी तेथून सुरू व्हावी. दिलेल्या वचनांचा पाठपुरावा करण्यासाठी विधिमंडळात शासकीय आश्वासन समिती आहे. परंतु गावात ती समिती म्हणजे आपणच. २६ जानेवारीच्या वा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत नवे ठराव होतील, हातही वर होतील. वाचकांस माझे एवढेच मागणे आहे की, येत्या ग्रामसभेत हात वर करण्यापूर्वी मागील सभेचे इतिवृत्त वाचून दाखविण्यास सांगावे, आणि त्यातील प्रत्येक ठरावापुढे दोनच प्रश्न विचारावेत: हे काम झाले काय, आणि झाले नसल्यास जबाबदार कोण?