मानसी जोशीचे सॉकेट आणि आपली पॉलिसी

कृत्रिम पाय म्हटले की आपल्या पिढीला जयपूर फूट आणि सुधा चंद्रन आठवतात. त्या पायावर ती नाचली याचे केवढे कौतुक आपल्याला! पण पाय एकदा बसवला की झाले, असे नसते. तो पुन्हा पुन्हा बदलावा लागतो आणि त्याचे पैसे कोणी तरी भरावे लागतात. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांनी हे माहीत करून घ्यायला हवे.

मुंबईची मानसी जोशी सॉफ्टवेअर इंजिनिअर. डिसेंबर २०११ मध्ये स्कूटरवरून कामावर जाताना तिला ट्रकने उडवले. डॉक्टरांनी पाय वाचवायची खटपट केली, पण गँगरीन झाले आणि डावा पाय कापावा लागला. वय अवघे २२. लहानपणी वडिलांबरोबर ती बॅडमिंटन खेळलेली होती. कृत्रिम पायावर चालायला लागल्यावर तिने पुन्हा रॅकेट हातात घेतली. २०१५ च्या जागतिक पॅरा-बॅडमिंटन स्पर्धेत तिने मिश्र दुहेरीत रौप्यपदक मिळवले. २०१८ पासून हैदराबादला गोपीचंद अकादमीत सराव सुरू झाला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे पारुल परमारला हरवून ती महिला एकेरीची जगज्जेती झाली. (त्याच आठवड्यात, त्याच शहरात पी. व्ही. सिंधूही जगज्जेती झाली. मानसीची दखल घ्यायला आपल्या लोकांना जरा उशीरच झाला.)

या यशाबद्दल लिहिताना मानसीने एक साधीच गोष्ट सांगितली होती. सराव दिवसातून तीनदा, वजन घटवले, स्नायू वाढवले, आणि कृत्रिम पायासाठी नवीन सॉकेट घेतली. जुनी सॉकेट पाच वर्षांहून अधिक काळ वापरात होती आणि व्यायामात तिला मागे खेचत होती.

सॉकेट म्हणजे कापल्यानंतर उरलेला पाय ज्या वाटीत बसतो ती वाटी. वजन कमी-जास्त झाले, स्नायू बदलले की पायाचा आकार बदलतो. वाटी सैल होते, पाय आत वरखाली सरकतो, घासतो, फोड येतात. मधुमेह असेल तर त्या फोडाची जखम व्हायला वेळ लागत नाही. आणि मधुमेह आपल्या किती घरांत आहे हे वेगळे सांगायला नकोच. वाढत्या मुलांचे तर विचारूच नका. बुटाचा नंबर बदलतो तशी वाटीही बदलते.

आता पैशांचे पाहू. इथे मेडिकेअर रुग्णाच्या हालचालीच्या क्षमतेनुसार के-० ते के-४ असे दर्जे ठरवते आणि कोणता गुडघा, कोणते पाऊल मंजूर होईल हे बरेचसे त्यावर अवलंबून असते. म्हणून खेळणाऱ्या, धावपळ करणाऱ्या माणसाने ते सारे डॉक्टरांच्या नोंदीत नीट लिहून घ्यावे. संकोच करू नये. 'थोडेफार चालतो' असे नम्रपणे सांगितले तर दर्जाही तसाच मिळेल! खाजगी विमा कंपन्या चालण्याचा पाय देतात, पण धावण्याची पाती किंवा खेळासाठी दुसरा पाय 'वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नाही' म्हणून अनेकदा नाकारतात. माझ्या मते हा शुद्ध कद्रूपणा आहे. धावणाऱ्या मुलाचे हृदय आणि वजन ताब्यात राहिले तर विमा कंपनीचेच पैसे वाचतील.

काही राज्यांना हे पटले आहे. २०२२ मध्ये मेन राज्याने मुलांच्या खेळासाठीच्या कृत्रिम अवयवांचा खर्च विम्यात घेण्याचा कायदा केला. पुढच्या वर्षी कोलोरॅडो, न्यू मेक्सिको, इलिनॉय वगैरे राज्ये त्या वाटेने गेली. मात्र मोठ्या कंपन्या बऱ्याचदा विम्याचा खर्च स्वतःच उचलतात. अशा प्लॅनना राज्याचे हे कायदे लागू होत नाहीत. विमा नाकारला गेलाच, तर सॅन डिएगोची चॅलेंज्ड ॲथलीट्स फाउंडेशन ही संस्था खेळाच्या साधनांसाठी अनुदान देते.

मानसीपुढच्या अडचणी २०१९ नंतरही संपल्या नाहीत. टोकियो पॅरालिंपिकमध्ये बॅडमिंटन प्रथमच आले, पण तिच्या गटाची महिला एकेरीच ठेवली नव्हती. २०२४ मध्ये पॅरिसला ती खेळली. पदक मिळाले नाही.

येत्या ओपन एनरोलमेंटला फॉर्मवर सही करण्यापूर्वी आपल्या एच. आर. खात्याला तीन गोष्टी विचारा: प्लॅन कंपनीचा स्वतःचा आहे का, कृत्रिम अवयवांवर वार्षिक किंवा आयुष्यभराची मर्यादा आहे का, आणि सॉकेट किती वर्षांनी बदलून मिळते?