टिकाव, दिवा आणि दिओजेनेस

रोमच्या कॅटाकोम्बचा विषय काढला की ऐकणारा हमखास म्हणतो, "म्हणजे ख्रिस्ती लोक लपून राहायचे ती भुयारं ना?" या प्रश्नाला मी आता सरावलो आहे, तरी दर वेळी थोडा चिडतोच. तिथं कोणी लपून राहत नव्हतं; त्या दफनभूमी होत्या. नीरोनं रोममधल्या ख्रिस्ती लोकांचा छळ मांडला तो इ.स. ६४ च्या आगीनंतर. ही भुयारं खोदायला सुरुवात झाली ती दुसऱ्या शतकाच्या अखेरीस. म्हणजे लपणारे आणि लपण्याची जागा यांच्यात शंभराहून जास्त वर्षांचं अंतर! शिवाय जागा गुप्तही नव्हती. २५७ साली सम्राट व्हॅलेरियननं ख्रिस्ती लोकांना त्यांच्या दफनभूमीत जायला बंदी केली. सरकारला जागेचा पत्ताच नसता तर बंदी कशावर घातली असती? पुढच्याच वर्षी, ६ ऑगस्टला, पोप दुसरे सिक्स्टस यांना शिपायांनी अशाच एका दफनभूमीत पकडून ठार मारलं. 'क्वो व्हादिस'सारख्या कादंबऱ्यांनी आणि त्यांवरच्या सिनेमांनी मशालींच्या उजेडातल्या गुप्त सभा आपल्या मनात इतक्या पक्क्या बसवल्या आहेत, की खरी गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्याचा विरसच होतो.

मला मात्र खरी गोष्टच जास्त आवडते. ती खोदणाऱ्या माणसांची गोष्ट आहे.

पण आधी इतिहास उरकून घेऊ. शहराच्या हद्दीत कोणाला पुरायचं किंवा जाळायचं नाही, हा रोमचा जुना कायदा, इ.स.पूर्व पाचव्या शतकातल्या 'बारा पाट्यां'मधला. त्यामुळे थडगी गेली शहराबाहेर, आप्पिया, आर्देआतिना, सालारिया, नोमेंताना अशा रस्त्यांच्या कडेला. दुसऱ्या शतकात दहनाची चाल मागे पडली, पुरायला जागा जास्त लागू लागली, जमीन महाग होती, म्हणून लोक खाली गेले. ख्रिस्ती गेले, ज्यूही गेले. ३१३ नंतर ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली आणि चौथ्या शतकात तर इथं यात्राच लोटू लागली. पाचव्या शतकात पुरणं थांबलं. ५३७ साली गॉथांनी वेढा घातला तेव्हा दफनभूमींची नासधूस झाली. आठव्या-नवव्या शतकांत पोपांनी संतांच्या अस्थी शहरातल्या चर्चमध्ये हलवल्या आणि बहुतेक भुयारांवर माती पडली, द्राक्षमळे उगवले. १५७८ साली सालारिया रस्त्यावर मजूर माती काढत असताना एका भुयाराचं छत उघडं पडलं आणि रोमला आपल्या तळघराची पुन्हा आठवण झाली. झाला इतिहास!

आता जमिनीखाली चला. सगळी मिळून साठेक कॅटाकोम्ब आहेत; लोकांसाठी नेहमी खुली असतात ती मोजकीच. सान कॅलिस्तोमध्ये गल्ल्यांची एकूण लांबी वीस किलोमीटरच्या आसपास, दोमितिल्लामध्ये सतराच्या. पर्यटकाला त्यातला जेमतेम एक तुकडा दाखवतात. बाहेर जुलैचं ऊन भाजत असलं तरी आत पंधरा-सोळा अंश. शाल न्या. दोन्ही हात पसरता येत नाहीत एवढी गल्ली, आणि दोन्ही अंगांना भिंतीत कोरलेले आडवे खण, रेल्वेच्या थ्री-टियर डब्यातल्या बर्थसारखे एकावर एक. प्रत्येक खणात एक देह, कधी दोन. तोंड विटांच्या फरशांनी किंवा संगमरवरी पाटीनं बंद करायचं आणि कडेनं चुना लिंपायचा. ऐपत असेल तर कमानीखालची कबर. त्याहून जास्त असेल तर कुटुंबाची वेगळी खोली, भिंतींवर चित्रं. हातभर लांबीचे खण पाहिले की ते कोणाचे हे सांगावं लागत नाही. असे खण फार आहेत.

हे सगळं ज्यांनी खोदलं त्यांना लॅटिनमध्ये 'फोसोर' म्हणत. आपल्याकडचे बेलदार, वडार, पाथरवट यांच्याच जातकुळीतली माणसं. कमरेला पट्टा बांधलेला आखूड अंगरखा, हातात टिकाव, आणि भिंतीत ठोकलेल्या खिळ्याला टांगलेला तेलाचा दिवा. त्यांची चित्रं भुयारांच्या भिंतींवर आजही दिसतात. रोमन कलेत सम्राट, देव, सेनापती यांची गर्दी. त्यात कामाला वाकलेला मजूर, तोही आपल्याच कामाच्या जागी रंगवलेला, हे मला विलक्षण वाटतं.

त्यांची कारागिरी समजायला खडक समजायला हवा. रोमभोवतीची जमीन ज्वालामुखीच्या राखेची आहे. तिच्यातला टफ हा खडक ताजा असताना टिकावाला सहज दाद देतो आणि हवा लागली की टणक होतो. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात कोरणाऱ्यांना हे ऐकून हेवा वाटला असता. तरी खोदण्याचा एक डाव दोन्हीकडे सारखा आहे. वेरूळचं कैलास लेणं वरून खाली कोरत आणलं. इथंही गल्ली भरली की फोसोर तिची जमीनच आणखी खोल करीत आणि नव्यानं मिळालेल्या भिंतीत आणखी खण काढीत. त्यामुळे अशा गल्लीत जितकं वर पाहावं तितकी कबर जुनी. उत्खननाच्या शास्त्रात खालचा थर जुना; हे गणित इथं उलटं होतं. काढलेली माती बाहेर न्यायला आणि उजेड-हवा आत यायला जमिनीपर्यंत उभे झरोके पाडलेले असत. त्यांतल्या काहींतून आजही ऊन उतरतं.

ही माणसं कोण होती? ३०३ साली उत्तर आफ्रिकेतल्या सिर्ता गावी ख्रिस्ती चर्चची मालमत्ता जप्त करायला अधिकारी गेले. त्या झडतीची नोंद टिकून आहे. तीत बिशप, धर्मगुरू यांच्या पाठोपाठ हजर फोसोरांचीही नावं आहेत. म्हणजे कबर खोदणारा हा चर्चच्या माणसांतच मोजला जाई. पुढे मात्र त्यांचं रूप बदललं. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातले आणि पाचव्याच्या सुरुवातीचे शिलालेख वाचा : अमक्यानं अमक्या फोसोराकडून जागा विकत घेतली, साक्षीदार कोण, दिलं किती. चक्क खरेदीखत, तेही कबरीच्या तोंडावर! हुतात्म्याच्या शेजारची जागा म्हणजे मोक्याचा प्लॉट. तशी जागा मिळावी म्हणून आधीच्या सुंदर चित्रांमधूनही खण कोरलेले दिसतात. मेंढपाळाचं चित्र आणि त्याच्या मधोमध कोणाची तरी कबर. पोप दामासस (३६६ ते ३८४) यांनी हुतात्म्यांच्या थडग्यांवर पद्य शिलालेख बसवले. पोपांच्या कबरींपाशी लावलेल्या लेखात ते म्हणतात, मलाही इथं पुरून घ्यायची इच्छा होती, पण संतांच्या अस्थींना धक्का लागेल याची भीती वाटली. ही भीती बाळगणारे फार थोडे असावेत.

फोसोरांतला माझा लाडका दिओजेनेस. दोमितिल्लामध्ये त्याची स्वतःची कबर होती आणि तिच्यावर त्याचं चित्र : खांद्यावर टिकाव, हातात दिवा, आजूबाजूला कंपास आणि बाकीची हत्यारं, मागे त्यानं खोदलेले खण. फोसोर दिओजेनेस, शांतीत ठेवला, असा लेख आणि सप्टेंबरातली तारीख. हे चित्र आज बघायला मिळत नाही. अठराव्या शतकात बोल्देत्ती या धर्मगुरूच्या काळात ते भिंतीवरून सोलून काढायचा प्रयत्न झाला आणि त्याचे तुकडे झाले. हेच बोल्देत्ती भुयारांतल्या अस्थींचे राखणदार होते! १७२० मध्ये त्यांनी ग्रंथ छापला, त्यातल्या आकृतीवरून आपण दिओजेनेसला ओळखतो. राखणदारांनी काय काय राखलं याचा हिशेब कोणीतरी एकदा मांडायला हवा.

या मजुरांच्या ओघात एका धन्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. सान कॅलिस्तो ज्यांच्या नावानं ओळखलं जातं ते कॅलिस्तुस मुळात गुलाम. मालकानं त्यांना पेढी चालवायला दिली, पेढी बुडाली, ते पळाले, बंदरात पकडायला आले तेव्हा समुद्रात उडी मारली, तरी सापडलेच. पुढे सिनेगॉगमध्ये दंगा केल्यावरून त्यांना सार्डिनियाच्या खाणींत काळ्या पाण्यावर धाडलं. सम्राट कोमोदुसची रखेल मार्किया हिनं खाणीतल्या ख्रिस्ती कैद्यांची सुटका करवली. यादीत नाव नसतानाही कॅलिस्तुस रडून-भेकून सुटले. हे सगळं त्यांच्या कट्टर विरोधकानं, हिप्पोलितुसनं, लिहून ठेवलं आहे. तेव्हा मीठमसाला वजा करूनच वाचावं. पण पोप झेफिरिनुस यांनी आप्पिया रस्त्यावरच्या दफनभूमीचा कारभार नेमका याच माणसाकडे सोपवला. विद्वान यामागे चर्चचं राजकारण पाहतात. मला वाटतं, ज्यानं खाणीत दिवस काढले त्याला जमिनीखालचं काम कसं करून घ्यायचं हे ठाऊक असणार, एवढं साधं कारणही पुरेसं आहे. पुढे ते स्वतः पोप झाले. गंमत अशी, की त्यांना पुरलं मात्र दुसरीकडेच, आउरेलिया रस्त्यावर.

भुयारं पुन्हा शोधणाऱ्यांतही माझे आवडते-नावडते आहेत. अंतोनियो बोझिओ १५९३ च्या डिसेंबरात मित्रांबरोबर दोमितिल्लामध्ये शिरला, वाट चुकला आणि मेणबत्त्या संपत आल्या. दुसरा कोणी असता तर पुन्हा तिकडं फिरकला नसता. बोझिओ आयुष्यभर उतरत राहिला. त्याचा 'रोमा सोत्तेर्रानेआ' हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर छापून निघाला. दोमितिल्लामधल्या रोटीवाल्यांच्या खोलीची काजळी अलीकडे लेसरनं साफ केली. त्या छतावर त्यानं कोळशानं लिहिलेलं स्वतःचं नाव स्पष्ट दिसतं. 'इथं नावं लिहू नका' अशी पाटी तेव्हा नव्हती.

एकोणिसाव्या शतकात आले जोव्हान्नी बात्तिस्ता दे रॉस्सी. १८४९ मध्ये आप्पिया रस्त्यावरच्या एका द्राक्षमळ्यात त्यांना संगमरवराचा तुकडा मिळाला. त्यावर 'नेलिउस' आणि 'हुतात्मा' एवढीच अक्षरं. हे पोप कोर्नेलिउसच, असं त्यांनी ताडलं आणि पोप नववे पायस यांच्याकडे तो मळा विकत घेण्याचा लकडा लावला. मळा घेतला, १८५२ मध्ये तुकड्याचा उरलेला भाग कबरीपाशी सापडला आणि १८५४ मध्ये तिसऱ्या शतकातल्या पोपांचं तळघर उजेडात आलं. पोंतियानुस, अंतेरुस, फाबियानुस, लुकिउस, एउतिकियानुस ही नावं तिथं ग्रीक अक्षरांत आहेत, कारण रोमच्या चर्चची भाषा तेव्हा ग्रीक होती. यात नशीब थोडं, वाचन जास्त. सातव्या शतकातल्या यात्रेकरूंच्या मार्गदर्शिका दे रॉस्सींनी रस्त्यावार लावून वाचल्या होत्या.

पण या कीर्तीच्या सावलीत त्यांचा धाकटा भाऊ झाकला गेला. मिकेले स्तेफानो हा भूगर्भाचा अभ्यासक. भुयारांचे नकाशे काढायला त्यानं स्वतः यंत्र बनवलं. तोवर समज असा होता, की या वाळूच्या जुन्या खाणी, ख्रिस्ती लोकांनी आयत्या वापरल्या. मिकेलेनं खडक तपासून दाखवलं, की फोसोरांनी बांधकामाचा कठीण दगडही टाळला आणि भुसभुशीत वाळूही. टिकावाला बधेल आणि तरी उभा राहील असा मधला दाणेदार टफ त्यांनी निवडून खोदला. काही ठिकाणी जुन्या खाणी वापरल्या आहेत, पण बहुतांश खोदाई कबरींसाठीच झालेली. ज्यांना निव्वळ गोरखोदे समजलं जाई त्यांना खडकाचं ज्ञान होतं, हे या माणसानं सिद्ध केलं. हाच मिकेले पुढे भूकंपांकडे वळला. भूकंपाची तीव्रता मोजणाऱ्या रॉसी-फोरेल मापनातला रॉसी तो हाच.

आता माझं सर्वांत आवडतं. खणाच्या कडेचा चुना ओला असताना नातेवाईक त्यात काहीतरी दाबून बसवीत : नाणं, शिंपला, काचेचा तुकडा, दिवा, हाडाची किंवा हस्तिदंती बाहुली. सालारिया रस्त्याजवळचं पांफिलुसचं कॅटाकोम्ब १९२० मध्ये सापडलं, तिथं अशा वस्तू जागच्या जागी राहिल्या आहेत. ते एरवी बंद असतं. मी छायाचित्रांवर समाधान मानलं आहे. व्हॅटिकनच्या संग्रहालयात मात्र काचेच्या दोन थरांत सोन्याचा वर्ख मिटवून केलेल्या वाडग्यांचे तळ मनसोक्त पाहिले. काठ तोडून तेवढा तळ कबरीवर बसवायचा. बरोबरच्या मंडळींना त्या दालनात काय एवढं पाहायचं ते कळेना आणि मला तिथून निघवेना. कोरीव पाटी परवडणाऱ्यांची नावं आपण वाचतो. बाकीच्यांनी अंधारात, हजारो सारख्या खणांत आपलं माणूस ओळखायची सोय अशी केली होती.

जाणार असाल तर चार गोष्टी. मार्गदर्शकाशिवाय आत सोडत नाहीत आणि फोटो काढू देत नाहीत. दोन्ही नियम योग्यच आहेत. प्रत्येक कॅटाकोम्बची साप्ताहिक सुट्टी वेगळ्या वारी असते, आधी बघून जा. सान कॅलिस्तोची देखरेख १९३० पासून सालेशियन संघाकडे आहे. माटुंग्याची डॉन बॉस्को शाळा चालवणारा संघ तोच. एकच पाहायचं तर बहुतेक जण सान कॅलिस्तो सांगतील. मी प्रिशिल्ला सांगेन. गर्दी कमी आणि चित्रं जास्त. शक्य असेल तर टोर्लोनिया वाड्याखालच्या ज्यू भुयारांबद्दलही वाचून जा. तिथल्या चुन्यात सापडलेल्या कोळशाची कार्बन तपासणी होऊन २००५ मध्ये निष्कर्ष आला, की ज्यूंनी खोदायला ख्रिस्ती लोकांच्याही आधी सुरुवात केली असावी. कोणी कोणाकडून शिकलं हा वाद तेव्हापासून रंगला आहे.

आणि आत गेल्यावर सगळे वाकून खण निरखत असतील, तेव्हा तुम्ही भिंतीवरचे टिकावाचे घाव बघा. बोटभर रुंद, तिरपे, एकाच दिशेला पडलेले. ते घाव कोणत्या बाजूला झुकले आहेत त्यावरून खोदणारा उजव्या हाताचा होता की डावखुरा, याची पैज आपसात लावा. मार्गदर्शकाला विचारलंत तर तोही थांबेल. पोपांबद्दल त्याला रोज विचारतात, फोसोरांबद्दल क्वचितच.