भजनाची वही कोणत्या लिपीत?

शिरगाव म्हटले की सीमेपलीकडच्या वाचकांना वैशाख शुद्ध पंचमीची लईराईची जत्रा आठवते, निखाऱ्यांवरून चालत जाणारे धोंड आठवतात. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी या बाजूची कित्येक घरे त्या रात्री आमच्याकडे असतात, त्यामुळे गावाची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. परंतु जत्रेखेरीज आणखी एका कारणाने शिरगाव हे नाव गोव्यात दरवर्षी घेतले जाते, ते भजनामुळे. गोव्याची कला अकादमी जी राज्यस्तरीय भजन स्पर्धा घेत आली आहे ती पं. मनोहरबुवा शिरगावकर यांच्या स्मरणार्थ असते. तालुक्यातालुक्यांतून पथके उतरतात. पुरुषांची असतात, महिलांची असतात, बालकलाकारांचीही असतात. अभंग, गौळण आणि गजर यांची तयारी महिनोन्‌महिने चालते. या स्पर्धेसाठी घरातले पोर निवडले गेले की ज्या पालकाने आयुष्यात कधी टाळ हाती धरला नाही तोसुद्धा पंधरा दिवस अभंगच बोलतो.

स्पर्धा उत्तम आहे, तिने गावोगावच्या तरुणांना पखवाजापुढे बसवले, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. आमचा प्रश्न निराळा आहे. व्यासपीठावर बसलेल्या या मुलांपैकी किती जणांना आपण गातो तो अभंग वाचता येतो?

आम्ही या भागात मराठीचे शिक्षक. शाळा सुटल्यावर शनिवारी आणि रविवारी संध्याकाळी जो भजनाचा व घुमट आरतीचा वर्ग भरतो, त्याच्या समितीवर आम्ही आहोत. वर्ग साधा आहे. एक पेटी, दोन पखवाज, टाळांच्या काही जोड्या, चार-पाच घुमटे, एक शामेळ आणि कासाळे. शिकवणारे बुवा बोलतात कोकणीत आणि गातात मराठीत. ''सूर धर, उतरां सोडूं नाका,'' असे ते मुलाला सांगतात आणि पुढच्याच श्वासाला तुकोबांच्या किंवा नामदेवांच्या ओळीवर येतात. या बदलाचे कोणालाच काही वाटत नाही. बोलायचे घरच्या भाषेत आणि देवासमोर गायचे मराठीत, ही येथील पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. भाषावादावर मोठमोठे लेख लिहिणाऱ्या दोन्ही बाजूंच्या विद्वानांनी अर्धा तास या वर्गात येऊन बसावे, असे आम्हांला अनेकदा वाटते.

परंतु मुलांच्या वह्या पाहू लागलो तेव्हा आमचे समाधान उडाले. बहुतेक वह्यांत अभंग रोमन लिपीत उतरवलेले होते. मुले इंग्रजी शाळांत जातात. मराठी किंवा कोकणी हा विषय म्हणून त्यांना असतो, त्यामुळे देवनागरी अक्षरे ओळखता येत नाहीत असे नाही. मात्र हात चालत नाही. बुवा ओळ सांगतात त्या वेगाने लिहायचे तर इंग्रजी अक्षरेच धावतात. शिवाय हल्ली अभंग व्हॉट्सॲपवरून येतो तोही रोमनमध्येच टंकलेला. मग तोच वहीत उतरतो आणि तोच पाठ होतो.

यात बिघडले कुठे, असे कोणी विचारील. बिघडले ते ऐकू येते. टी, ए, एल अशी तीन अक्षरे लिहिली की ती 'ताल' आहेत, 'टाळ' आहेत की 'तळ' आहे हे ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच कळते. ज्याला ठाऊक नाही तो समोर दिसते तसे म्हणतो. 'काळ' चा 'काल' होतो, 'वेळ' चा 'वेल' होतो. गळ्यात तुळशीची माळ घातलेला वारकरी गळ्यात 'माल' घालून पंढरीला निघतो! हसून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नव्हे. गंमत अशी की याच मुलाचा घरात कोकणी बोलताना 'ळ' अगदी स्वच्छ असतो. म्हणजे जिभेला तो ध्वनी येतो, डोळ्यांपुढच्या वहीने तो घालवला आहे. हा दोष मुलाचा नव्हे, त्याच्या उच्चाराचाही नव्हे. तो लिपीचा आहे, आणि लिपी त्याच्या हाती आपणच दिली.

आता भजन मराठीतच का, हा प्रश्न आम्हांला गोव्याबाहेरचे लोक विचारतात आणि हल्ली गोव्यातलेही विचारू लागले आहेत. त्याला इतिहास आहे. पोर्तुगीज सत्ता गोव्यात १५१० पासून असली तरी डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे महाल तिच्या ताब्यात गेले ते फार उशिरा, डिचोली १७८१ मध्ये, सत्तरी १७८२ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये. यांनाच 'नव्या काबिजादी' म्हणतात. जुन्या काबिजादींत सोळाव्या-सतराव्या शतकांत देवळे पाडली गेली, सण-उत्सवांवर बंदी आली. आमच्या महालांवर तो वरवंटा फिरला नाही. ते तेव्हा पोर्तुगीज सत्तेबाहेर होते आणि त्यांचा व्यवहार, कीर्तन, पोथी, आरती हे सारे मराठीत चालू राहिले. बांद्याचे संतकवी सोहिरोबानाथ आंबिये १७१४ मध्ये जन्मले. त्यांची पदे या बाजूलाही गायली जातात आणि त्या बाजूलाही. पेडणे तालुक्यात विर्नोडा येथील सरकारी महाविद्यालयाला आज त्यांचेच नाव आहे. राज्याची सीमा मध्ये आली म्हणून पद तुटले नाही.

मुक्तीनंतरची गोष्ट वाचकांपैकी ज्येष्ठांनी स्वतः पाहिली आहे. १९६३ मध्ये भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार आले आणि खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. ज्या घरात पूर्वी कोणी अक्षर गिरवले नव्हते त्या घरातल्या मुली पाटी घेऊन शाळेत गेल्या. त्या मुली आता आज्या झाल्या आहेत. १९९० मध्ये सरकारने प्राथमिक शाळांचे अनुदान कोकणी-मराठी माध्यमापुरते ठेवले. २०११ मध्ये ते इंग्रजी माध्यमालाही खुले झाले. त्यानंतर झालेली आंदोलने, फुटलेले गट, उठलेली व्यासपीठे यांची उजळणी येथे करत नाही. गावातली मराठी शाळा रोडावत गेली एवढे मात्र कोणालाही दिसते. पालकांना आम्ही दोष देत नाही. पोराला नोकरी मिळावी ही इच्छा पाप नव्हे. परंतु त्याचा परिणाम असा झाला की ज्या मुलाचा मराठी मजकुराशी मनापासून संबंध येतो अशी जागा गावात जवळपास एकच उरली, ती म्हणजे हा भजनाचा वर्ग.

समितीच्या बैठकीत आम्ही सुचवले की वर्गात अभंग देवनागरीतच उतरवावा आणि त्यासाठी गाण्याआधी अर्धा तास काढावा. तेव्हा चांगलीच खडाजंगी झाली. एका सहकाऱ्यांचे म्हणणे होते, ''मास्तर, भजन कानाने शिकायचे असते. आमच्या आजोबांना सही येत नव्हती, पण रात्रभर भजन करायचे. वही कशाला हवी?'' हा मुद्दा हलका नव्हे. लोकसंगीत कानावरच जगले. धालो, फुगडी, सत्तरीचे रणमाले, शिमग्याची गाणी कोणी छापून शिकवली नाहीत. परंतु त्या आजोबांच्या कानावर तीच भाषा रोज पडत होती. पुराण ऐकायला जात होते, कीर्तन ऐकत होते, दशावतारी काल्यात राजाचे मराठी संवाद पहाटेपर्यंत ऐकत होते. कान भरलेला होता म्हणून वही लागली नाही. आजच्या मुलाच्या कानावर हे आठवड्यातून दोन संध्याकाळी पडते. दोन्ही अवस्था सारख्या कशा मानायच्या?

दुसरे एक सदस्य वाचणारे आहेत. त्यांनी फादर स्टीफन्सचा दाखला दिला. मराठी ओवीतले 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले ते रोमन लिपीतच, आणि तरीही ती मराठी टिकली, असे ते म्हणाले. दाखला खरा आहे. पण त्या पाद्रीबाबांनी आपल्या भाषांचा बारकाईने अभ्यास करून 'ट', 'ड', 'ळ' अशा ध्वनींसाठी रोमन अक्षरे जोडीने लिहिण्याची पद्धत बसवली होती. आमची मुले मोबाईलवर जी रोमन लिहितात तिला कसलीच पद्धत नाही. एकाच वहीत एकच शब्द तीन प्रकारांनी लिहिलेला आम्ही पाहिला आहे. रोमन लिपीत कोकणी लिहिणाऱ्या ख्रिस्ती बांधवांची स्वतःची वृत्तपत्रे आहेत, तियात्रे आहेत, जुनी वहिवाट आहे. तिच्याविषयी आम्हांला आदर आहे. आमच्या मुलांच्या वहीला मात्र ना ती वहिवाट आहे ना ही.

घुमटाचाही दाखला निघाला. पूर्वी घुमटाला घोरपडीचे कातडे चढवत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते गुन्ह्यात मोडू लागले आणि हळूहळू बकऱ्याचे कातडे आले. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून जाहीर केले. कातडे बदलले तरी वाद्य राहिले, मग लिपी बदलली तर बिघडले काय? यावर आमचे उत्तर असे की कातडे बदलताना वाजवणाऱ्यांनी नाद सांभाळला. कोणत्या जाडीचे घ्यावे, किती ताणावे, ऊन किती दाखवावे, यावर त्यांनी डोके चालवले. वहीतली लिपी बदलताना नाद कोणीही सांभाळलेला नाही. 'माळे' चा 'माल' हा त्याचा पुरावा आहे.

कोकणीवाद्यांची शंका अशी असते की भजन वर्गाच्या नावाखाली मराठी लादली जाते आहे. त्यांनाही आमचे सांगणे आहे. १९८७ चा राजभाषा कायदा देवनागरी लिपीतल्या कोकणीला राजभाषा मानतो आणि मराठीच्या सरकारी वापराला वाव ठेवतो. त्या कायद्यावर आमचे म्हणणे वेगळे आहे, मराठीलाही राजभाषेचे पूर्ण स्थान मिळावे असे आम्ही आजही मानतो. पण देवनागरी ही दोघींची लिपी आहे हे तर निर्विवाद आहे ना? मुलाचा हात देवनागरीत वळला तर तो उद्या कोकणी कविताही लिहील. येथे भांडायचे कशावर? आणि आमच्या बाजूच्या पुढाऱ्यांनाही एक सांगावेसे वाटते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आनंद सर्वांनाच झाला. राजभाषेच्या सभांना टाळ्याही पडतात. पण त्या टाळ्या वाजवणाऱ्यांच्या घरातले पोर चवथीच्या आरतीला मोबाईलमध्ये डोके खुपसून रोमन अक्षरे वाचत असेल, तर सभा कोणासाठी घ्यायची?

चवथ हा शब्द आलाच आहे म्हणून सांगतो. आमच्याकडे गणपतीत आरतीचे पथक घरोघर फिरते. घुमट, शामेळ, कासाळे यांच्या साथीने एकेका घरी तास-तास आरत्या चालतात. सगळ्या आरत्या मराठी. मुंबईहून, पुण्याहून आलेली चाकरमानी मंडळी, शेजारी, सासरहून आलेल्या लेकी, सारे गोळा होतात. पूर्वी मधल्या फळीतली मुले मोठ्यांच्या तोंडाकडे पाहून ओळ उचलत. आता मोठेच मोबाईल समोर धरतात. ओळ चुकली तर पूर्वी मागून कोणीतरी काकी खणखणीत आवाजात दुरुस्त करीत असे. त्या काकी अजून आहेत, पण त्यांना पुढे बोलवायला हवे.

तेच समितीने अखेर ठरवले. गाण्याआधीच्या अर्ध्या तासाला काही पालकांनी कुरकुर केली. गाणे शिकायला पाठवले, शुद्धलेखनाला नव्हे, असे एका बाईंनी आम्हांला रस्त्यात गाठून सुनावले. म्हणून तोड अशी काढली की वर्गात लिहिणे सक्तीचे नाही. मात्र महिन्यातून एक अभंग मुलाने आपल्या आजीच्या, शेजारच्या मावशीच्या किंवा गावातल्या जुन्या भजनकऱ्याच्या वहीतून स्वतःच्या हाताने देवनागरीत उतरवून आणायचा आणि एकादशीच्या भजनात तोच त्याने सुरू करायचा. बुवा त्या दिवशी पेटीवर, पण अग्रक्रम मुलाचा. मराठी शाळेत शिकलेल्या त्या आज्यांच्या वह्या आम्ही पाहिल्या आहेत. महिला भजनी मंडळांत तर अशा वह्या पिशवीत घालूनच बाया येतात. अक्षर वळणदार, कडव्यांना आकडे, समासात ठेक्याची खूण, कोठे दुधाचा हिशेबसुद्धा. मूल ती वही मागायला जाते, आजी चष्मा शोधते, मग ओळीचा अर्थ निघतो, चाल कोणाकडून आली ते निघते. अर्ध्या तासाच्या वर्गात आम्हांला जे जमले नसते ते तिथे होते.

सगळीच मुले आणतात असे नाही. काही जण मोबाईलवरचा मजकूर आजीच्या नावावर खपवतात, आणि तो ओळखायला शिक्षकाला फार वेळ लागत नाही. तरीही परवा एका मुलीने 'टाळ' आणि 'ताल' हे दोन्ही शब्द असलेले कडवे न अडखळता म्हटले, तेव्हा बुवांनी पखवाज थांबवून तिला पुन्हा म्हणायला लावले.

खानापूर, बेळगावच्या बाजूचे वाचक म्हणतील की तुमच्यापेक्षा आमची अडचण बिकट आहे, आमच्या मुलांवर तिसरीच भाषा आहे. ते खरे आहे, पण रात्रीची भजने त्यांच्याही गावांत होतात आणि जुन्या वह्या त्यांच्याही घरांत आहेत. सिंधुदुर्गात तर आहेतच. समितीने अशा वह्या गोळा करून त्यांच्या प्रती काढायचे ठरवले आहे. ज्यांच्या घरी वडिलांची, आजोबांची भजनाची किंवा आरत्यांची हस्तलिखित वही असेल त्यांनी जत्रेला येताना ती बरोबर आणावी. प्रत काढून वही त्याच दिवशी परत मिळेल. पाने सुटली असतील, शेवटची फाटली असतील तरी चालेल. वही कोणाच्या हातची, कोणत्या गावची आणि चाल कोणाकडून आली, एवढे मात्र आतल्या पानावर लिहून आणावे.